टाळ्या मिळतात, काम मिळत नाही

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका पुण्यात राहतात, वय ४८. एका खाद्यपदार्थ कंपनीच्या गुणवत्ता विभागातली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी त्यांनी छोट्या उत्पादकांना लेबल, पॅकिंग आणि परवान्यांबद्दल सल्ला द्यायला सुरुवात केली. एका उत्पादनाच्या लेबलचं काम त्या १८,००० रुपयांत करतात. मसाले, लोणची, पापड, चटण्या करणाऱ्यांसाठी त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं आणि दोन वर्षांपूर्वी स्वखर्चाने १,००० प्रती छापल्या. किंमत २५० रुपये. त्यातल्या सातशेच्या वर प्रती अजून दिवाणात आहेत. गेल्या वर्षभरात त्या तीन औद्योगिक प्रदर्शनांत विनामूल्य बोलल्या. सभागृह भरलं, शाल-श्रीफळ मिळालं, फोटो निघाले. तिन्ही ठिकाणी मिळून २३ प्रती गेल्या आणि काम एकही आलं नाही. आता मोशीला होणाऱ्या एका अन्नप्रक्रिया प्रदर्शनाच्या आयोजकांनी अर्ध्या तासाचं भाषण आणि एक टेबल यासाठी ४०,००० रुपये मागितले आहेत. यजमान म्हणतात, "इतके दिवस ज्ञान फुकट वाटलंस, आता पैसे देऊन वाटणार का?" धाकटी बहीण म्हणते, "तू स्टेजवरून विकतच नाहीस, लोक घेणार कसे?" पत्रलेखिकेला व्यासपीठावरून पुस्तक विकणं बाजारू वाटतं. त्या विचारतात, "पैसे भरू, की भाषणं कायमची सोडून देऊ?"

ताई,

तुम्ही पत्रासोबत पुस्तकही पाठवलंत, म्हणून उत्तराला उशीर झाला. आधी पुस्तक वाचून काढलं. हिंगाचं प्रकरण वाचल्यावर उठून स्वयंपाकघरात गेले आणि आमची डबी पाहिली. तुम्ही लिहिलंय तसंच निघालं. घटकांमध्ये गव्हाचं पीठ होतं. बाजारातल्या पुष्कळ डबीबंद हिंगात गहू किंवा मैदा मिसळलेला असतो, तो हिंग आपण लोणच्यात घालतो आणि मग लोणच्याच्या लेबलवर गव्हाची अ‍ॅलर्जीची सूचना द्यावी लागते, हे किती लोणचीवाल्यांना माहीत असेल? पुस्तक चांगलं आहे. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना तुमचा स्वतःवरचा विश्वास हलू नये.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडले. "सभागृह भरलं होतं, मग काम का आलं नाही?" यात तुम्ही धरून चालला आहात की समोर बसलेले लोक तुमचे ग्राहक होते. ते होते का?

दुपारी तीन वाजता प्रदर्शनाच्या सभागृहात कोण बसतं ते आठवून पाहा. सकाळपासून फिरून पाय दुखलेले लोक असतात. प्राध्यापकांनी पाठवलेले अन्नतंत्रज्ञानाचे विद्यार्थी असतात. बस करून आलेल्या बचत गटांच्या बायका असतात. 'काहीतरी सुरू करायचंय' म्हणून चाचपणी करणारे निवृत्त गृहस्थ असतात. हे सगळे मनापासून ऐकतात, वहीत लिहून घेतात, टाळ्याही मनापासूनच वाजवतात. पण यातल्या किती जणांना या महिन्यात लेबल छापायचं असतं?

तुम्हाला १८,००० रुपये देऊ शकणारा माणूस वेगळा आहे. त्याच्याकडे पाच-दहा कामगार आहेत, माल दुकानांत जातो, आता मोठ्या साखळी दुकानाने किंवा ऑनलाइन विक्रीवाल्याने दार उघडलंय, आणि त्यांनी पहिल्याच फेरीत लेबलवरून माल परत पाठवलाय. हा माणूस प्रदर्शनात नक्की असतो. पण तो तुमच्या भाषणाला येत नाही, कारण त्याने स्वतःच तिथे स्टॉल घेतलेला असतो. भाडं भरलंय, मांडणी केलीय, गिऱ्हाईक येईल म्हणून तो हलत नाही. तुम्ही सभागृहात बोलत असता तेव्हा तुमचं गिऱ्हाईक तीस पावलांवर उभं असतं आणि त्याचं लेबल टेबलावर सगळ्यांसमोर मांडलेलं असतं.

मला हे कळायला वेळ लागला. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान कारखान्यांबरोबर मी बरीच वर्षं हिशेब आणि किंमत ठरवण्याचं काम केलं. प्रदर्शनांत बोलायला बोलावत, तेव्हा मी दोन तास आधी जाऊन पहिल्या रांगेत बसून टिपणं वाचत असे. एकदा कार्यक्रम तासभर लांबला. बसून कंटाळा आला म्हणून स्टॉल पाहत फिरले. सुट्या भागांची टेबलं मांडून बसलेल्या तिघा-चौघांशी बोलणं झालं, आणि 'साडेचारला मी याच विषयावर बोलणार आहे, जमलं तर या, नाही तर सहा वाजता मी इथेच येते' असं सहज म्हणाले. भाषणाला त्यातला एकच आला. पण सहा वाजता दोघे वाट पाहत होते. त्या वर्षी माझी सगळ्यात मोठी दोन कामं त्या फेरीतून आली. भाषणाने त्यांना एवढंच सांगितलं होतं की ही बाई या विषयातली आहे, आयोजकांनी तिला बोलावलंय. कार्यक्रम पत्रिकेवरचं नाव तेवढ्यासाठी उपयोगी पडतं, आणि तेवढंही पुष्कळ असतं.

म्हणून माझी पहिली विनंती: पुढच्या प्रदर्शनात, तुम्ही बोलणार असा किंवा नसा, आदल्या दिवशी किंवा सकाळी दार उघडल्या उघडल्या जा. तेव्हा गर्दी नसते आणि स्टॉलवाल्याला बोलायला वेळ असतो. खाद्यपदार्थांच्या रांगा सावकाश फिरा. पाकिटं विकत घ्या, हात लावून ठेवून देऊ नका. विकत घेणाऱ्याशी माणूस मोकळेपणी बोलतो. लेबलातली चूक मात्र तिथे त्याच्या गिऱ्हाइकांसमोर दाखवू नका. तुम्ही गुणवत्ता विभागात होतात, चूक दिसली की बोट आपोआप तिकडे जाणार, पण ते आवरा. 'हा पाऊच पुन्हा कधी छापणार आहात?' एवढंच विचारा. 'पुढच्या महिन्यात' म्हणाला तर तो तुमचा माणूस. 'आत्ताच पन्नास हजार छापून आलेत' म्हणाला तर कार्ड द्या, नमस्कार करा आणि पुढे जा. त्याला आज चूक सांगून त्याची फक्त झोप उडेल. अर्थात चूक आरोग्याला धोका होईल अशी असेल, शेंगदाणा घातलाय आणि लेबलवर नाही अशी, तर बाजूला घेऊन तेव्हाच सांगा. पैशांचा विचार न करता सांगा. चिकटवायच्या पट्टीवर तात्पुरतं कसं भागवायचं याची चौकशी कुठे करावी, तेही सांगा.

आता ४०,००० रुपयांचं. छपाईचा खर्च होऊन गेलाय, तो बाजूला ठेवला तरी हे पैसे नुसत्या पुस्तकातून भरून यायला १६० प्रती विकाव्या लागतील. तीन प्रदर्शनांत मिळून २३ गेल्या, म्हणजे एका ठिकाणी आठसुद्धा नाहीत. बहीण म्हणते तसं स्टेजवरून कितीही जोर लावलात तरी आठाच्या एकशेसाठ होणार नाहीत. कामांतून भरून काढायचं म्हटलं तर दोन कामांचे ३६,००० होतात, म्हणजे तिसरं काम मिळेल तेव्हा कुठे तुमच्या हातात काही उरायला लागेल. आणि अशी कामं त्या आठवड्यात येत नाहीत, कधी कधी सहा महिन्यांनी फोन येतो. तुमच्या घरात सध्या एकच पगार येतो असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: या वेळी पैसे भरू नका.

याचा अर्थ पैसे देऊन बोलणं कायमच चूक, असं मी म्हणत नाही. प्रदर्शन भरवणारे मैदान, मांडव, वीज यांचा खर्च अशाच वेळा विकून भागवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण पैसे मागितले की तुम्ही गिऱ्हाईक झालात, मग गिऱ्हाइकाचे प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे. वेळ कोणती? जेवणानंतरची, की अकराची? सभागृह मुख्य रांगेत आहे, की दुसऱ्या टोकाला? पुस्तकाचं टेबल सभागृहाच्या दाराशी मिळेल का? स्टॉलधारकांना भाषणाची सूचना तुमच्या नावाने जाईल का? यांतल्या शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं तर मी पुन्हा विचार करेन, कारण मग ते तुम्हाला खऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत नेतायत. तुमच्या पत्रावरून दिसतं की यातलं काहीच बोललं गेलेलं नाही.

त्याच प्रदर्शनात बोलायची आणखी एक वाट आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पॅकिंग मशीन विकणाऱ्यांचे स्टॉल तिथे असणार. पाऊच छापणारे, बरण्या-झाकणं विकणारेही असणार. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पॅकिंगच्या तयारीत असतो, म्हणजे लेबलच्या उंबरठ्यावर असतो. मशीनवाल्याचा सेल्समन मशीनबद्दल बोलतो, पण 'यावर काय छापायचं' हे विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं. अशा एखाद्याला आत्ताच फोन करा. म्हणा, 'तुमच्या स्टॉलवर रोज अकराला आणि चारला पंधरा मिनिटं मी लेबलवर बोलते, तुमच्याकडे गर्दी राहील. मला एक खुर्ची आणि पुस्तकांना कोपरा द्या.' माझा अनुभव असा की तिघांना विचारलं तर एक हो म्हणतो. आणि पुढचं आणखी महत्त्वाचं: मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला भेट म्हणून एक पुस्तक द्यायला त्यालाच सुचवा. पन्नास प्रती एकदम घेतल्या तर १७५ ने द्या. एका माणसाशी बोलून पन्नास प्रती जातात, आणि त्या नेमक्या ज्यांना लेबल लागणार आहे त्यांच्याच घरी जातात. तुमच्या दिवाणातला साठा तिथून हलेल. एकेका श्रोत्याला एकेक प्रत विकून तो हलायला फार वर्षं लागतील. पण अशा स्टॉलवर बोलताना ऐकणाऱ्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही त्या कंपनीच्या नोकर नाही आणि मशीन घ्या असं सांगायला उभ्या नाही. नाव तुमचं आहे, ते सांभाळायला हवं.

यजमान म्हणतात ते थोडं खरं आहे आणि थोडं नाही. फुकट बोललात याचं वाईट वाटून घेऊ नका, पण इथून पुढे जिथे प्रशिक्षणार्थींकडून शुल्क घेतलं जातं तिथे मानधन मागा. मागताना संकोच वाटला तर दुसरा मार्ग आहे. बहुतेक प्रशिक्षणांत पिशवी, वही, पेन असं किट देतात आणि त्यासाठी पैसे धरलेले असतात. 'मला मानधन नको, तेवढ्या रकमेची माझी पुस्तकं किटमध्ये घाला' असं म्हणून पाहा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे बिलाचीही कटकट कमी. सल्ल्याच्या कामाला मात्र जीएसटी लागू आहे, पण पुस्तकं धरून एकूण वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत नोंदणीची सक्ती नसते. तरीही तुमच्या सीएंना एकदा विचारून ठेवा.

आता ज्याचा तुम्हाला खरा त्रास होतोय त्याबद्दल. व्यासपीठावरून विकणं बाजारू वाटतं, असं तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय.

हा संकोच मला कळतो, तो आपल्या पुण्याच्या मातीतलाच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला व्याख्यान ऐकायची सवय आहे. वक्ता तासभर विचार मांडतो, आभारप्रदर्शन होतं, लोक चपला शोधत घरी जातात. तिथे वक्त्याने 'माझ्याकडे काम द्या' म्हटलं तर खरोखर खटकेल. तुम्ही तीच रीत प्रदर्शनात नेलीत. पण तिथे आलेला प्रत्येक जण काही घ्यायला किंवा विकायला आलाय, आणि तुम्ही जी अडचण सांगताय ती कोण सोडवतं, किती पैशांत सोडवतं, हे त्याला हवंच असतं. ते न सांगता खाली उतरलात तर तो अर्ध्यावर राहतो. एकदा वाटतं तुम्ही सरकारी अधिकारी असाल, एकदा वाटतं कॉलेजात शिकवत असाल. तुम्हीच लिहिलंय ना, भाषणानंतर एकाने विचारलं, "मॅडम, असं लेबल कोण करून देतं?" अर्धा तास ऐकूनही त्याला ते कळलं नव्हतं. त्याची चूक नव्हती.

कीर्तन आठवा. पूर्वरंग होतो, उत्तररंग रंगतो, आणि शेवटी आरतीचं ताट फिरतं. ज्याला जे जमेल ते तो ताटात टाकतो. बुवांनी कीर्तन विकलं, असं कोणी म्हणत नाही. कारण ताट फिरायच्या आधी बुवांनी हातचं राखलेलं नसतं. कसोटी तीच ठेवा. अर्धं सांगून 'बाकीचं पुस्तकात वाचा' असं केलंत तर ते बाजारू. सगळं सांगून 'हे माझं काम आहे आणि हे माझं पुस्तक आहे' म्हटलंत तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळं सांगितलं तर पुस्तक कोण घेईल, ही भीतीही सोडा. पाककृती छापून आल्या म्हणून खानावळी बंद पडल्या नाहीत. वाचून ज्याला स्वतः जमेल तो स्वतः करेल आणि चार जणांना तुमचं नाव सांगेल. ज्याला वेळ नाही तो तुमच्याकडे येईल.

भाषणाचा व्हिडिओ पाहिला. तुम्ही अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ पासून सुरुवात करता आणि लोणच्यापर्यंत यायला अठरा मिनिटं लागतात. तोपर्यंत मागच्या दोन रांगा उठलेल्या असतात, कॅमेऱ्यात ते दिसतंय. कायद्याचा इतिहास काढून टाका. हातात हिंगाची डबी घेऊन उभ्या राहा आणि विचारा, 'तुमच्या लोणच्यात गहू आहे का?' त्यानंतर विचारा, 'ज्यांचं लेबल फक्त मराठीत आहे त्यांनी हात वर करा.' हात वर होतील. मग सांगा की आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावीच लागते, मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी घाला. तुमच्या पुस्तकातल्या पान ४१ वरच्या या एका मुद्द्यावर सभागृहात कुजबुज सुरू होईल. १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन हे सगळं त्या कुजबुजीनंतर भराभर सांगून होतं. स्लाइडवर विसंबू नका. शेजारच्या स्टॉलचा लाउडस्पीकर, मध्येच जाणारी वीज, मांडवातून येणारं ऊन, यात पडद्यावरचं काही दिसत नाही. स्वतः तयार केलेलं, मुद्दाम चुका घातलेलं मोठं लेबल पुठ्ठ्यावर चिकटवून न्या. कोणा खऱ्या उत्पादकाचं पाकीट चूक म्हणून कधीच दाखवू नका.

आणि तुमच्या कामाबद्दलचं वाक्य भाषणाच्या मध्यावर म्हणा. शेवटी ठेवलंत तर सूत्रसंचालक घाईत असतो, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार अडलेला असतो आणि ते वाक्य तोंडातच राहतं. पाऊच छापायच्या सिलिंडरबद्दल बोलाल तेव्हा म्हणा. रोलवर छापताना प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, एक अक्षर चुकलं तरी तो पुन्हा करावा लागतो, आणि छापून आलेला रोल रद्दीत जातो. हे सांगून झालं की सरळ म्हणा: 'छापायला देण्याआधी लेबल तपासून देणं हे माझं काम आहे. एका उत्पादनाचे १८,००० घेते. ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी सगळं या पुस्तकात आहे, बाहेर टेबलावर २०० रुपयांना मिळेल.' तीन वाक्यं. घरी दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहा, म्हणजे तिथे आवाज खाली जाणार नाही. किंमत प्रदर्शनापुरती २०० ठेवा. गर्दीत पन्नासाच्या सुट्यासाठी खोळंबलेला माणूस निघून जातो. क्यूआर कोड मोठा छापून न्या, पण तिथे नेटवर्क दगा देतं, म्हणून सुटे पैसेही जवळ ठेवा.

तुम्ही स्वतः पैसे घेऊ नका. बहिणीला बरोबर न्या. विकायची हौस तिला आहे, तर टेबल तिच्याकडे द्या. भाषण संपलं की तुम्हाला फोटोसाठी थांबवतील, पाहुण्यांबरोबर चहाला नेतील. नेमक्या त्या दहा मिनिटांत ज्यांना विचारायचं असतं ते वाट पाहून निघून जातात. आयोजकांना आधीच सांगा, 'फोटो सुरुवातीला काढू या, नंतर मी दाराशी थांबणार आहे.' दाराशी थांबून एकच प्रश्न विचारा: 'लेबल छापून झालंय की छापायचंय?' ज्यांचं छापायचंय त्यांचं नाव, गाव, पदार्थ आणि महिना एका वहीत लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का, हेही विचारून ठेवा. व्हिजिटिंग कार्डांची चवड घरी आणलीत तर आठवड्याने त्यातला चेहरा एकही आठवत नाही.

फोन तिसऱ्या दिवशी करा. पहिल्या दिवशी स्टॉलवाला सामान आवरत असतो, दुसऱ्या दिवशी झोपलेला असतो. आणि त्याने 'किती घेता' विचारलं की आकडा सांगा. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "मी म्हणते, आधी काम बघू या, पैशांचं नंतर." ताई, तिथेच कामं निसटतायत असं मला वाटतं. आकडा न सांगणाऱ्याकडे छोट्या उद्योजकाला जायची भीती वाटते, मागाहून किती लावतील कोण जाणे. ज्याला १८,००० झेपत नाहीत त्याला पुस्तक घ्यायला सांगा आणि तासाभराची तपासणी कमी पैशांत ठेवा. ती सोय तुमच्याकडे आज नाही. बचत गटांच्या बायकांसाठी ती हवी. त्यांचं तुम्ही फार आपुलकीने लिहिलंय, पण १८,००० ऐकून त्या मागे सरणारच.

पुस्तकाबद्दल एक काळजी आहे. लेबलचे नियम सारखे बदलतात. दोन वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक आणखी चार वर्षं विकत राहिलात तर त्यातलं काही चुकीचं ठरेल, आणि ते वाचून कोणी छापून आणलं तर दोष तुमच्यावर येईल. आत्ताच सगळं पुन्हा तपासा, बदलांची एक पानी पुरवणी तारीख घालून छापा आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत ठेवा. तिच्यावर तुमचा नंबर आणि 'नवीन बदलांसाठी संदेश पाठवा' एवढं असू द्या. पुढची आवृत्ती २००-३०० प्रतींचीच काढा. आणि उरलेल्या प्रती पुस्तकांच्या दुकानांत ठेवायचा आग्रह धरू नका. अप्पा बळवंत चौकात तुमचा वाचक येतो तो मुलांच्या शाळेची पुस्तकं घ्यायला. मसाल्याचा धंदा करणारा येतो रविवार पेठेत पाऊच-बरण्या घ्यायला आणि मार्केट यार्डात मिरची घ्यायला. पॅकिंगच्या सामानाच्या दोन-तीन दुकानदारांकडे दहा-दहा प्रती ठेवून पाहा, विकल्या तर पैसे द्या म्हणून.

तुमच्यासारखी पत्रं मला इतरही क्षेत्रांतून येतात. ठिबक सिंचनावर बोलणारे, लहान कारखान्यांना वीजबचत शिकवणारे, आयात-निर्यातीचे सल्लागार, सगळ्यांचं दुखणं एकच: भाषण झालं, पुढे काही नाही. त्यांनाही माझा तोच प्रश्न आहे, ऐकणारा आणि पैसे देणारा एकच माणूस आहे का? डिसेंबरमध्ये मोशीला किसान प्रदर्शन भरतं तेव्हा शेतकरी तुमचं भाषण ऐकेल, पण तुम्हाला काम देणारा कदाचित अवजारांच्या स्टॉलवर उभा असेल. ताई, तुमच्यासाठी डिसेंबरात भीमथडी जत्राही आहे. तिथे बोलायला मिळालं नाही तरी चालेल. घरगुती पदार्थ करणाऱ्या महिला तिथे रांगेने बसलेल्या असतात. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, तेव्हा त्यांचा विक्रीचा वेळ असतो. आडवारी सकाळी जा, पिशवी घेऊन.

आयोजकांना उद्याच उत्तर द्या, ताटकळत ठेवू नका. लिहा: 'आपलं निमंत्रण मिळालं, आभार. शुल्क भरून बोलणं या वर्षी मला शक्य नाही. स्टॉलधारकांसाठी उद्घाटनाच्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, लेबलबद्दल वीस मिनिटांचं मोफत सत्र घेण्याची माझी तयारी आहे. आपण त्यांना तशी सूचना द्यावी.' दार उघडण्याआधी ते सगळे आपापल्या स्टॉलवर मांडणी करून मोकळे उभे असतात. आयोजकांना त्यासाठी सभागृह द्यावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. हो म्हणाले तर मला कळवा, आणि नाही म्हणाले तर त्याच दिवशी पॅकिंग मशीनवाल्यांना फोन लावायला घ्या.